चष्मा करायला येताना दोरी घेऊन या

नंबर काढणं वेगळं आणि डोळा तपासणं वेगळं. लातुरात गंजगोलाईजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे, मी शिकलेली ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे चष्म्याचा नंबर काढणारी, आहे, तरी हे मीच सांगते. मशीनवर हनुवटी ठेवून, पुढं पाटी वाचून जो नंबर निघतो, त्यावरून डोळ्याचा पडदा कसा आहे ते कळत नाही. डोळ्याचा दाब कळत नाही. लोक मात्र नंबर निघाला की "डोळे दाखवून आलो" म्हणून मोकळे होतात.

म्हणून आधी हे करा. घरात ज्याला शुगर आहे त्यानं वर्षातून एकदा, दिसायला कितीही चांगलं असलं तरी, बाहुली मोठी करायचे थेंब टाकून पडदा बघणाऱ्या डॉक्टरकडं जायचं. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीच्या आधीपासून दाब तपासून घ्यायचा. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. बाकीच्यांनी चाळिशीनंतर दोन वर्षांतून एकदा तरी जावं. थेंब टाकल्यावर चार-सहा तास धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. तेव्हा मोटारसायकल घेऊन एकट्यानं जाऊ नका. जायला जागा नाही असं आपल्या भागात म्हणायची सोय नाही. उदगीरला लायन्सचं नेत्र रुग्णालय आहे, जालन्याला श्री गणपती नेत्रालय आहे, अंबाजोगाईला आणि लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

लेकरांचं

मला नीट दिसत नाही असं लेकरू आपणहून सांगत नाही. सगळ्यांना असंच दिसतं, अशी त्याची समजूत असते. टीव्हीच्या जवळ सरकणं, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवणं, डोळे बारीक करून बघणं, मान एकाच बाजूला कलती ठेवणं, यातलं काही दिसलं की वाट बघू नका.

घरी एक सोपी परीक्षा घेता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून मागं मागं जात, तुम्हाला स्वतःला तारखेखालची बारीक अक्षरं जिथवर नीट वाचता येतात तिथं उभं राहा. मग लेकराला तिथंच उभं करून वाचायला लावा. एक डोळा तळहातानं झाकायचा, बोटांनी नाही. बोटांच्या फटीतून लेकरं बघतात आणि दाबलेला डोळा नंतर धूसर दिसतो. दोन्ही डोळे वेगवेगळे बघायचे, सगळं मर्म यातच आहे. एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचं दुखणं झाकून जातं, आणि न वापरलेला डोळा आळशी पडतो. मग मेंदू त्या डोळ्याचं ऐकायचंच सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या आत सापडलं तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी बरंच सुधारतं. जितका उशीर तितकं अवघड. वाचता न येणाऱ्या लहानग्याचा एक डोळा झाकल्यावर ते गप्प खेळतंय आणि दुसरा झाकला की हात झटकतंय, रडतंय, तर ज्या डोळ्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही तोच चांगला, दुसऱ्यात काहीतरी आहे.

तिरळेपणा भाग्याचा असतो असं अजून ऐकू येतं. सहा महिन्यांच्या पुढं बाळाची नजर तिरळी दिसत असेल तर भाग्य बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवा.

लहान मुलाचा पहिला चष्मा शक्यतो दुकानातून करू नका. मुलांच्या डोळ्याला ताण देऊन फोकस बदलायची ताकद फार असते, त्यामुळे थेंब न टाकता काढलेला मायनस नंबर खोटा असू शकतो. डॉक्टरकडून थेंब टाकून नंबर काढून आणा, काचा मी करून देते.

"चष्मा लावला की नंबर वाढतो" हे मला रोज ऐकावं लागतं. वाढत्या वयात उंचीबरोबर डोळाही लांबीला वाढतो आणि मायनस नंबर त्यानं वाढतो. चष्मा न लावल्यानं तो थांबत नाही. मुद्दाम कमी नंबरची काच देऊनही काही साधत नाही. ज्याचा उपयोग होतो अशी एक फुकटची गोष्ट आहे: दिवसातून दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात असणं. यानं मायनस नंबर लागायचाच पुढं ढकलला जातो, हे बऱ्याच देशांत तपासून झालंय. आमच्या लातुरात मात्र सगळा उलटा कारभार. नांदेड, बीड, हिंगोलीहून पोरं-पोरी नीटच्या क्लासला येतात, सकाळी क्लास, दुपारी अभ्यासिका, रात्री होस्टेलची ट्यूबलाइट. आई-वडील वर्षाची फी भरतात आणि चष्म्याला मात्र "परीक्षा झाल्यावर बघू" म्हणतात. परीक्षेआधीच बघा. या वयात सहा महिने ते वर्षानं नंबर तपासायचाच.

आणि मुलींबद्दल एक. स्थळ बघायला येणार म्हणून चष्मा काढून बसवलेल्या, चहाचा ट्रे अंदाजानं नेणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. काही जणी तर लग्नानंतरच पहिल्यांदा नंबर काढायला येतात, तेव्हा कळतं, चार-पाच वर्षं त्यांनी फळा नुसता ऐकूनच काढला. ह्याला मी लाड किंवा काळजी म्हणणार नाही.

चाळिशी, आणि दोरी कशाला

आता माझ्या आवडीचा विषय. चाळिशी लागली की जवळचं दिसेना होतं, कारण डोळ्यातलं भिंग कडक होत जातं. त्यासाठी चिठ्ठीवर "अ‍ॅड" म्हणून जो आकडा असतो तो जवळचा वाढीव नंबर. साठीच्या पुढं तो साधारण +२.५० असतो. १०० भागिले २.५० केलं की ४० येतात. म्हणजे दूरचा नंबर बरोबर दिलेला असेल तर ह्या काचेतून चाळीस सेंटिमीटरवर सगळ्यात स्वच्छ दिसतं. पेपर हातात धरून वाचणाऱ्याला हे बरोबर बसतं.

पण सगळेच पेपर वाचत नाहीत. सप्त्यात पारायणाला बसणारे एक आबा तक्रार घेऊन आले, "ताई, पेपर दिसतो, पण पोथीत ओळ हुकते." नंबर परत काढला, बरोबर होता. मग विचारलं, पोथी कुठं ठेवता? व्यासपीठावर. आणि तुम्ही ताठ बसता? हो. दुकानातल्या टेबलावर वही ठेवून त्यांना तसं बसवलं आणि टेपनं मोजलं तर डोळ्यापासून अक्षर पासष्ट सेंटिमीटरवर. त्यासाठी +१.५० पुरतो. पारायणाचा चष्मा वेगळा करून दिला, साध्या काचांचा, स्वस्तातला. पेपरचा जुनाच ठेवला.

तसंच पेटी वाजवणाऱ्याचं. वही पेटीवर असते, मांडीवर नसते. शिलाई मशीनवर बसणाऱ्या मावशीला सुईचं टोक जवळ हवं असतं. किराणा दुकानदाराला काटा हातभर लांब आणि वरच्या फळीवरचे पुडे त्याहून लांब. तलाठी कार्यालयात संगणकावर बसणाऱ्याला पडदा साठ-सत्तर सेंटिमीटरवर आणि खाली कागद. नंबर काढणारा माणूस हे सगळं विचारतोच असं नाही, गर्दीत तर नाहीच. म्हणून घरून एक दोरी घेऊन या. तुमचं जे काम आहे त्याला बसा, दोरीचं एक टोक डोळ्याच्या कडेला धरा, जिथं बघायचंय तिथं दुसरं न्या आणि तिथं गाठ मारा. दोन कामं असतील तर दोन गाठी. दुकानात दोरी पुढं ठेवून म्हणायचं, "मला इथं दिसायला हवं." समोरचा हसला तर हसू द्या.

बायफोकल की प्रोग्रेसिव्ह, हा पुढचा प्रश्न. प्रोग्रेसिव्हमध्ये वरून खाली नंबर हळूहळू बदलतो, रेघ दिसत नाही, मधल्या अंतराचंही दिसतं. शिक्षक, बँकेतला माणूस, दुकानदार यांना ती छान. पण खालच्या बाजूला दोन्ही कडांना थोडं वेडंवाकडं दिसतंच, कितीही महाग घेतली तरी. बांधावरून चालणारा, विहिरीच्या पायऱ्या उतरणारा सत्तरीचा माणूस असेल तर त्याच्यासाठी चालायचा एक आणि वाचायचा एक असे दोन वेगळे चष्मे मला बरे वाटतात. प्रोग्रेसिव्ह घ्यायचीच असेल तर फ्रेम उंचीला साधारण २८-३० मिलिमीटर हवी, आणि फ्रेम चेहऱ्यावर बसवून, तुम्हाला समोर बघायला लावून, काचेवर पेननं बाहुलीची खूण केली पाहिजे. खूण न करता कुणी प्रोग्रेसिव्हची ऑर्डर घेत असेल तर उठून या.

बसस्टँडबाहेरचे तयार वाचायचे चष्मे विष नाहीत. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, सिलिंडर (एका ठराविक दिशेलाच लागणारा नंबर) नसेल, तर देवघरात एक जादा म्हणून ठेवायला हरकत नाही. पण तो लागू पडला म्हणून डोळ्याची तपासणी टाळली, असं होऊ नये.

म्हाताऱ्या माणसांचं

"आमच्या आज्जीचा चष्मा सुटला, आता बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते." घरचे कौतुकानं सांगतात. मी लगेच विचारते, लांबचं कसं दिसतं? धूसर. मोतीबिंदूची एक जात अशीच सुरू होते: भिंग घट्ट होतं, डोळा मायनसकडं सरकतो आणि काही दिवस जवळचं सुधारल्यासारखं वाटतं. आज्जीला दवाखान्यात न्या.

मोतीबिंदू पिकू द्यायचा, हे जुन्या ऑपरेशनच्या काळातलं. आता रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की करून घ्यायचं. फार पिकवला तर ऑपरेशन उलट अवघड होतं. तो विरघळवणारा थेंब नाही, कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वामागं ६६.२ टक्के वेळा मोतीबिंदूच होता, म्हणजे बरा होणारा आजार. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ साली पद्मश्री मिळाली, ती अशाच ऑपरेशनांच्या कामासाठी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हे नाव सांगितलं की निम्मी भीती जाते. ऑपरेशननंतरचा चष्मा मात्र घाईनं करू नका. चार ते सहा आठवड्यांत नंबर स्थिरावतो, डॉक्टर सांगतील तेव्हाच या.

शुगरवाल्यांनाही तेच. शुगर वर-खाली झाली की नंबरही बदलतो. गेल्या महिन्यातला चष्मा या महिन्यात लागत नाही म्हणून आमच्याशी भांडण होतं. शुगर ताब्यात येऊन काही आठवडे जाऊ द्या, मग नंबर काढा.

चुना, ऊस, मळणी

चष्म्याच्या दुकानात बसूनही ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती म्हणजे तंबाखूवाल्यांची चुन्याची पुडी. लेकरू ती दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना डोळा जाळतो, आणि तो आत आत जात राहतो. अशा वेळी गाडी शोधायच्या आधी पाणी. नळाखाली किंवा तांब्यानं, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्यानं निदान अर्धा तास धुवत राहायचं, पापणीच्या आत अडकलेले खडे ओल्या कापसानं काढायचे आणि मग दवाखाना गाठायचा. तूप, दूध, लिंबू काही घालायचं नाही. चुना खुंटीला अडकवलेल्या सदऱ्याच्या खिशात नको, उंच फळीवर डबीत ठेवा.

ऊसतोडीत पाचट डोळ्याला लागतं, मळणीत सोयाबीनचा, ज्वारीचा कचरा जातो. झाडपाल्याच्या जखमेतून बुरशी आत जाते आणि बुबुळावर फूल पडतं. बहुतेक जण मेडिकलवर जाऊन "डोळा लाल झालाय" म्हणतात आणि थेंबाची बाटली घेऊन येतात. त्यात स्टिरॉइड असेल तर दोन दिवस लाली उतरते आणि आत बुरशी माजते. पाचट लागलेला डोळा दुखत असेल, पाणी येत असेल, उजेड सोसत नसेल तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं. जिभेनं किंवा पदराच्या टोकानं कचरा काढणारी माणसं गावात अजून आहेत. त्यांच्याकडं जाऊ नका. मळणीच्या हंगामात बाजूनं झाकलेला साधा प्लॅस्टिकचा गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तोच खरा स्वस्त उपाय.

डोळे आले तर नुसतं बघून कुणाला येत नाहीत, हातानं आणि टॉवेलनं पसरतात. टॉवेल वेगळा, हात साबणानं. एवढंच.

काच आणि फ्रेम

गिऱ्हाईक फ्रेम निवडायला अर्धा तास घेतं आणि काच कुठली म्हटलं की "घाला कुठलीपण". खर्च काचेवर करा. लेकरांना पॉलिकार्बोनेटची काच, कारण चेंडू लागला तरी ती सहसा फुटत नाही. साध्या नंबराला साधी प्लॅस्टिक काच पुरे. मायनस चारच्या पुढं पातळ काच विचारा, १.६१ किंवा १.६७ असं तिचं माप असतं. त्याआधी त्यावर पैसे घालण्यात फार अर्थ नाही. रात्री गाडी चालवणाऱ्याला चमक कमी करणारं कोटिंग उपयोगाचं. ब्लू कट, म्हणजे पडद्याचा निळा उजेड अडवणारी काच, मात्र मी आग्रहानं विकत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेनं १७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यानं डोळ्याचा शीण कमी होतो असा पुरावा मिळाला नाही. मोबाइलनं डोळे चुरचुरतात ते पापणी लवायची विसरते म्हणून, आणि उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट तोंडावर घेता म्हणून. उन्हात काळी होणारी काच हवी असेल तर आधीच सांगते: मे महिन्याच्या उकाड्यात ती जितकी हवी तितकी काळी होत नाही आणि गाडीच्या बंद काचेआड तर जवळजवळ होतच नाही. गॉगल घेताना रंगाच्या गडदपणापेक्षा यूव्ही ४०० लिहिलंय का ते बघा.

फ्रेमच्या काडीच्या आत ५२-१८-१४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा चांगला बसत असेल तर हे आकडे बघून त्याच मापाचा घ्या. मायनस नंबर मोठा असेल तर फ्रेम छोटी. मोठ्या फ्रेममध्ये काचेची कड जाड होते आणि जड चष्मा नाकावरून घसरतो. बाहुली काचेच्या साधारण मध्याजवळ आली पाहिजे. घाम फार येत असेल तर धातूच्या फ्रेमला हिरवं चढतं, प्लॅस्टिकची किंवा लवचिक टीआर-९० ची बघा. नाक बसकं असेल तर हलवता येणाऱ्या गाद्यांची फ्रेम बरी. हसून बघा, खाली वाकून बघा. गालाला टेकली, घसरली, तर ती फ्रेम तुमची नाही, मग ती कितीही शोभो.

पुसताना कोरड्या शर्टानं, पदरानं, टॉवेलनं नको. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक खडेच. ती घासली की काचेवर ओरखडे. आधी पाण्याखाली धरा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटानं फिरवा, धुवा, मऊ सुती कापडानं टिपा. आणि दुपारी मोटारसायकलच्या टाकीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका, कोटिंगला भेगा जातात.

नवा चष्मा घेताना दुकानातच एक बघून घ्या. हातभर लांब धरून काचेतून दाराची उभी चौकट बघा आणि चष्मा डावी-उजवीकडं फिरवा, स्टिअरिंग फिरवतो तसा. चौकट तिरकी होत असेल तर त्या काचेत सिलिंडर आहे. चिठ्ठीत सिलिंडरचा रकाना मोकळा असेल आणि चौकट तरीही तिरकी होत असेल तर तिथंच विचारा. नंबर बदलला असेल तर पहिले चार-सहा दिवस जमीन वर आल्यासारखी, डोकं जड झाल्यासारखं वाटतं. तेवढं जाऊ द्या. आठवड्यानंतरही तसंच असेल तर जुना चष्मा, नवा चष्मा आणि चिठ्ठी, तिन्ही घेऊन या. लेन्समीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, दोन्ही तपासून घ्या, दोन बाहुल्यांमधलं अंतर परत मोजून घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला तरी ते केल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.